जबलपूरचा स्नूकर आणि विंडोजमधला सॉलिटेअर

जबलपूरने जगाला एक खेळ दिला, पण तो जबलपूरचा आहे हे छापून यायला ६३ वर्षं लागली. १८७५ च्या पावसाळ्यात इथल्या छावणीतल्या डेव्हनशर रेजिमेंटच्या मेसमध्ये तरुण अधिकारी बिलियर्डच्या टेबलावर वेळ घालवत. ‘पिरॅमिड्स’ या खेळात १५ लाल चेंडू असत, ‘ब्लॅक पूल’मध्ये काळा चेंडू असे. नेव्हिल चेंबरलेन नावाच्या १९ वर्षांच्या अधिकाऱ्याने या खेळांची सरमिसळ केली, आणखी रंगीत चेंडू टाकले आणि त्यातून स्नूकर उभा राहिला. (ब्रिटनचे पंतप्रधान झालेले चेंबरलेन ते हे नव्हेत.) १८८२ मध्ये उटकमंडच्या क्लबात नियम लिहून भिंतीवर लागले. १८८५ मध्ये बिलियर्डचा नामवंत खेळाडू जॉन रॉबर्ट्स कलकत्त्यात चेंबरलेनला भेटला आणि हे नियम इंग्लंडला घेऊन गेला. खेळ जगभर पसरला, पण तो कुठे आणि कुणी सुरू केला याबद्दल वेगवेगळे दावे होत राहिले. अखेर १९३८ मध्ये, वयाच्या ऐंशीच्या पुढे असताना, चेंबरलेनने ‘द फील्ड’ या नियतकालिकाला पत्र लिहून हकिगत सांगितली आणि १९३९ मध्ये लेखक कॉम्प्टन मॅकेंझी यांनी ‘द बिलियर्ड प्लेअर’मध्ये ती मांडून वाद मिटवला. चेंबरलेन दहा वर्षं आधी गेला असता, तर स्नूकरच्या इतिहासात जबलपूरचं नाव बहुधा आलंच नसतं.

फावल्या वेळात जे घडतं ते नोंदण्याजोगं आहे असं कुणाला वाटत नाही, हे या उशिराचं कारण. छावणीत हत्यारांची, घोड्यांची, दाणागोट्याची नोंद काटेकोर असे, पण टेबलावरच्या चेंडूंची नोंद कोण ठेवणार? कॉम्प्युटरबरोबर फुकट आलेल्या खेळांच्या बाबतीत आज आपण नेमकं हेच करत आहोत. सॉलिटेअर, माइनस्वीपर, फ्रीसेल, हार्ट्‌स, स्पेस कॅडेट पिनबॉल हे खेळ एका पिढीने आयुष्यातल्या पहिल्या कॉम्प्युटरवर पाहिले, आणि नव्या यंत्रावर ते शोधले तर सापडत नाहीत. स्नूकर मात्र नोंद नसतानाही वाचला, कारण खेळाचे नियम तोंडी सांगता येतात आणि टेबल कुठलंही चालतं. कॉम्प्युटरवरचा खेळ असा वाचत नाही. त्यात नियमांखेरीज प्रोग्रॅम असतो, चित्रं असतात, आवाज असतो आणि हे सगळं एका विशिष्ट यंत्राच्या आणि प्रणालीच्या मापाने बेतलेलं असतं. यंत्र बदललं की तो बंद पडतो. कुणीतरी मुद्दाम चालवत ठेवला तरच चालतो. हे काम कंपन्यांवर सोपवून भागणार नाही. ते ग्रंथालयांनी आणि शिक्षणसंस्थांनी अंगावर घ्यायला हवं आणि कायद्याने त्यांना तशी मोकळीक द्यायला हवी, असं माझं म्हणणं आहे. आणि हे म्हणणं मांडायला जबलपूरइतकं योग्य गाव दुसरं नाही.

यंत्राबरोबर खेळ देण्याची रीत पर्सनल कॉम्प्युटरइतकीच जुनी आहे. १९८१ मध्ये आयबीएमचा पहिला पीसी आला तेव्हा त्याच्याबरोबर ‘डाँकी’ नावाचा छोटा खेळ होता. रस्त्यात येणारी गाढवं चुकवत मोटार हाकायची. तो लिहिणाऱ्या दोघांपैकी एक बिल गेट्स. १९८५ च्या पहिल्या विंडोजमध्ये रिव्हर्सी होता. १९९० मध्ये विंडोज ३.० बरोबर सॉलिटेअर आला. तो वेस चेरी या उमेदवारी करणाऱ्या विद्यार्थ्याने १९८८ मध्ये लिहिला होता आणि त्याबद्दल त्याला मानधनाचा एक पैसाही मिळाला नाही. पत्त्यांची चित्रं सूझन केअर यांची, ज्यांनी त्याआधी अ‍ॅपलच्या मॅकिन्टॉशची चिन्हं काढली होती. १९९२ मध्ये विंडोज ३.१ मध्ये रिव्हर्सीच्या जागी माइनस्वीपर आला. त्याच सुमारास हार्ट्‌स आला, तो जोडलेल्या कॉम्प्युटरांवर एकत्र काम कसं होतं हे दाखवायला. जिम हॉर्न यांनी विंडोजसाठी लिहिलेला फ्रीसेल सुरुवातीला ३२-बिटचे प्रोग्रॅम नीट चालतात की नाही हे तपासायला दिला गेला आणि विंडोज ९५ मध्ये तो घरोघरी पोचला. म्हणजे यातल्या प्रत्येक खेळाला मनोरंजनापलीकडचं काम होतं. माउसचं बटण दाबून धरायचं, वस्तू ओढत न्यायची आणि योग्य जागी सोडायची, हे ज्यांना कुणी शिकवलं नव्हतं त्यांना बदामाचा गुलाम उचलून इस्पिकच्या राणीवर ठेवताना ते आलं. डावं बटण कशासाठी आणि उजवं कशासाठी, हे माइनस्वीपरमध्ये हाताला कळलं.

जबलपूर हे कारखान्यांचं आणि कचेऱ्यांचं शहर. गन कॅरेज फॅक्टरी १९०४ पासूनची, उच्च न्यायालयाचं मुख्य पीठ १९५६ पासून इथे, पश्चिम मध्य रेल्वेचं मुख्यालय २००३ पासून. नागपूरकर भोसल्यांचा अंमल, नंतर मध्य प्रांत आणि वऱ्हाड, मग नवा मध्य प्रदेश, या साऱ्या फेरबदलांत मराठी कुटुंबं नोकरीनिमित्त इथे येत राहिली आणि राइट टाउन, नेपियर टाउन, गोलबाजार या भागांत स्थिरावली. अशा शहरांत टाइपरायटरवरून कॉम्प्युटरवर येण्याचा काळ म्हणजे विंडोज ९५ ते विंडोज एक्सपीचा काळ. इंटरनेट नव्हतं किंवा मिनिटाच्या हिशोबाने महाग होतं, विकतचे खेळ मिळत नव्हते, आणि यंत्रावर जे आधीपासून होतं तेच सगळ्यांना सारखं मिळालेलं होतं. न्यायालयातला टंकलेखक, कारखान्यातला हिशोबनीस आणि क्लासला जाणारी शाळकरी मुलगी यांनी एकच खेळ पाहिला, ही गोष्ट सामाजिक इतिहासात मोलाची आहे. या देशात कॉम्प्युटर सामान्य माणसाच्या हाताखाली कसा आला हे उद्या कुणाला अभ्यासायचं झालं, तर सरकारी धोरणांचे कागद मिळतील. पण त्या माणसाने पडद्यावर प्रत्यक्ष काय केलं हे पाहायला हे खेळच चालू अवस्थेत लागतील.

यावर पहिला आक्षेप लगेच येतो. सॉलिटेअर कुठे हरवला आहे? पत्त्यांचा हा डाव कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीचा आहे, फोनवर त्याचे शेकडो अवतार मिळतात, खुद्द मायक्रोसॉफ्ट ‘सॉलिटेअर कलेक्शन’ देतं. हे सगळं खरं आहे. डाव हरवलेला नाहीच, हरवते आहे ती १९९० ची कृती. तिच्यात पत्त्यांच्या पाठी निवडता येत. एका पाठीवर यंत्रमानवाचे काटे हलत, दुसरीवर किल्ल्याभोवती वटवाघळं पंख फडफडवत, तिसरीवर माडामागचा सूर्य मध्येच जीभ काढून दाखवत असे. डाव लागला की चारही ढिगांतून पत्ते उसळ्या मारत खाली कोसळत आणि प्रत्येक पत्ता आपल्यामागे स्वतःच्याच प्रतिमांची रांग सोडून जाई. ही रांग उमटे, कारण पत्ता पुढच्या जागी काढताना मागच्या जागचं चित्र पुसलं जात नसे. तेव्हाची यंत्रं पडद्यावर चित्र कसं काढत हे या एका दृश्यात दिसतं. माइनस्वीपरमध्ये तर ठरावीक अक्षरं टाइप करून शिफ्ट आणि एंटर दाबलं की पडद्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यातला एकच ठिपका काळा किंवा पांढरा होऊन माउसखाली सुरुंग आहे की नाही ते सांगे. ती अक्षरं सत्तरच्या दशकातल्या ‘कोलॉसल केव्ह अ‍ॅडव्हेंचर’ या खेळातून आली होती. एका पिढीच्या प्रोग्रॅमरांनी आधीच्या पिढीला केलेला हा नमस्कार आहे. नव्या अवतारांना त्याचा पत्ता नाही आणि असण्याचं कारणही नाही.

फ्रीसेलचं उदाहरण याहून बोलकं आहे. पॉल अल्फिल यांनी १९७८ मध्ये प्लेटो नावाच्या प्रणालीवर हा खेळ प्रथम आणला. विंडोजच्या फ्रीसेलमध्ये ३२,००० डाव होते आणि प्रत्येकाला क्रमांक होता. तुम्ही मुंबईत आणि मी जबलपुरात ६१७ क्रमांकाचा डाव उघडला, तर दोघांसमोर तेच पत्ते त्याच क्रमाने पडत. याचं कारण पत्ते पिसण्याच्या रीतीत आहे. कॉम्प्युटर खरं तर पिसत नाही. दिलेल्या आकड्यावर गुणाकार-बेरजेची ठरावीक क्रिया करत जातो, आणि आकडा तोच असेल तर निकालही तोच. इथे तो आकडा म्हणजे डावाचा क्रमांक. प्रत्येक डाव लागत असावा, पण ते सिद्ध झालेलं नाही, अशा अर्थाची सूचना खेळाच्या मदतपानावर होती. १९९४-९५ मध्ये डेव्ह रिंग यांनी इंटरनेटवर स्वयंसेवक जमवले आणि सगळेच्या सगळे डाव वाटून दिले. माणसांनी ते हाताने सोडवले. शेवटी एकच डाव उरला : ११९८२. तो कुणालाच लागला नाही, आणि पुढे कॉम्प्युटरने साऱ्या शक्यता तपासल्यावरही लागला नाही. पिसण्याची ती नेमकी क्रिया ज्या फ्रीसेलमध्ये नाही, त्यात ११९८२ हा क्रमांक निरर्थक आहे. फ्रीसेलचे नियम एका कागदावर मावतात. हा डाव आणि त्याभोवती झालेलं सामूहिक काम त्या कागदावर येत नाही, ते त्या प्रोग्रॅममध्ये आहे. ‘नियम आहेत ना, मग झालं’ हे म्हणणं मला इथे पूर्णपणे कोसळलेलं दिसतं.

मग हे प्रोग्रॅम नव्या यंत्रावर चालत का नाहीत? विंडोज ३.० आणि ३.१ चे खेळ १६-बिटचे आहेत. ६४-बिटच्या विंडोजमध्ये १६-बिटचे प्रोग्रॅम चालवणारा थर ठेवलेलाच नाही, आणि २०२१ मध्ये आलेलं विंडोज ११ फक्त ६४-बिटचं आहे. तो थर बाळगणारं घरगुती वापराचं शेवटचं विंडोज म्हणजे विंडोज १० ची ३२-बिट आवृत्ती, आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. एक्सपीमधले खेळ ३२-बिटचे, त्यामुळे त्यांची गत बरी आहे. एक्सपीच्या सिस्टिम फोल्डरमधून ‘सोल डॉट ईएक्सई’ ही सॉलिटेअरची फाइल आणि पत्त्यांची चित्रं ज्यात आहेत ती ‘कार्ड्‌स डॉट डीएलएल’ अशा दोन फाइली उचलून एका फोल्डरमध्ये ठेवल्या, तर विंडोज १० वरसुद्धा खेळ उघडतो. दुसरी फाइल विसरली तर उघडत नाही. विंडोज ७ चे खेळ आपण कोणत्या विंडोजवर आहोत हे तपासतात आणि पुढच्या आवृत्तीवर चालायला नकार देतात, म्हणजे तिथे अडचण यंत्राची नसून घातलेल्या कुलपाची आहे. पिनबॉलची कथा आणखी वेगळी. तो ‘फुल टिल्ट’ या १९९५ च्या संचातून आला, बाहेरच्या कंपनीने लिहिलेला. मायक्रोसॉफ्टचे प्रोग्रॅमर रेमंड चेन यांनी सांगितलं आहे की ६४-बिटसाठी तो बांधला तेव्हा चेंडू वस्तूंना न आदळता त्यांच्यातून आरपार जाऊ लागला. लिहिणाऱ्यांनी टिपणं ठेवली नव्हती, चूक कुठे आहे हे वेळेत सापडेना, आणि खेळ वगळला गेला. व्हिस्टात तो नव्हता. पुढे २०२१ मध्ये एका हौशी प्रोग्रॅमरने जुनी फाइल उलगडून प्रोग्रॅम पुन्हा लिहून काढला आणि आता तो लिनक्सवर, मॅकवर, कुठेही चालतो. मात्र चित्रं आणि आवाज यांची मूळ फाइल अजूनही जुन्या संचातूनच आणावी लागते.

हौशी माणसांनी केलेलं काम थक्क करणारं आहे. डॉसबॉक्स हा प्रोग्रॅम २००२ पासून विंडोजआधीच्या डॉस प्रणालीचे खेळ चालवतो आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या इंटरनेट आर्काइव्हने २०१५ च्या जानेवारीत हजारो डॉस खेळ ब्राउझरमध्येच चालतील अशी सोय केली आणि पुढच्या वर्षी विंडोज ३.१ चे प्रोग्रॅमही आणले. ६४-बिटच्या विंडोजवर १६-बिटचे प्रोग्रॅम चालवणारी मोफत साधनं आहेत. नेटवर्क न जोडलेल्या आभासी यंत्रात अख्खं विंडोज ९८ उभं करता येतं, त्यामुळे जुनी प्रणाली सुरक्षित नाही हा आक्षेपही फारसा उरत नाही. तरीही एवढ्यावर विसंबून राहणं मला धोक्याचं वाटतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये इंटरनेट आर्काइव्हवर सायबर हल्ला झाला आणि ते काही दिवस बंद होतं. सगळी भिस्त एका संस्थेवर आणि मूठभर हौशींच्या रात्रींवर असेल, तर चेंबरलेनच्या पत्रासारखी वेळ साधली जाईलच याची खात्री कोण देणार? ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’च्या २०२३ च्या पाहणीनुसार अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात रीतसर मिळतच नाहीत. ही त्या देशाची स्थिती, जिथे हे खेळ बनले आणि जिथे रोचेस्टरच्या खेळसंग्रहालयाने २०१९ मध्ये सॉलिटेअरला आपल्या सन्मानयादीत घेतलं.

कंपनीची बाजू मी नाकारत नाही. तीस वर्षांपूर्वीचा प्रोग्रॅम प्रत्येक नव्या प्रणालीवर चालवत ठेवायला खर्च येतो आणि कुठल्याही कंपनीने तो कायम करावा ही अपेक्षा रास्त नाही. विंडोज ८ मधून २०१२ मध्ये जुने खेळ गेले. विंडोज १० बरोबर २०१५ मध्ये आलेल्या नव्या संग्रहात जाहिराती होत्या आणि त्या नको असतील तर महिन्याला दीड डॉलरच्या आसपास द्यावे लागत होते. हा व्यापार आहे, व्यापाराला व्यापाराचे नियम. पण चालवायचं नसेल तर सोडून देता येतं. मायक्रोसॉफ्टनेच एमएस-डॉसच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांचा मूळ मजकूर (सोर्स कोड) २०१४ मध्ये कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममार्फत खुला केला आणि २०२४ मध्ये डॉस ४.० चाही केला. त्यामुळे कुणाचं काही बुडालं नाही. डॉस ५.० बरोबर १९९१ मध्ये आलेले ‘गोरिला’ आणि ‘निबल्स’ हे क्यूबेसिक भाषेतले खेळ आजही चालवता येतात, कारण ते वाचता येईल अशा मजकुरातच दिलेले होते. जो वाचेल तो दुरुस्त करेल. उलट जॉर्डन मेक्नर यांच्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चा अ‍ॅपल-२ वरचा मूळ मजकूर हरवला असंच सगळे धरून चालले होते. २०१२ मध्ये वडिलांनी पाठवलेल्या खोक्यात त्याच्या फ्लॉपी निघाल्या, आणि जाणकारांनी त्या वाचून काढल्यावर मेक्नर यांनी तो सर्वांसाठी ठेवून दिला. एवढा गाजलेला खेळ एका खोक्यावर अवलंबून होता.

आता कायदा. जुना प्रोग्रॅम चालवणं म्हणजे चोरी, असा सरसकट समज आहे. आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा तसं म्हणत नाही. ज्याच्याकडे प्रोग्रॅमची प्रत रीतसर आहे त्याला ती वापरण्यासाठी, किंवा हरवण्या-बिघडण्यापासून संरक्षण म्हणून, नक्कल करता येते असं कलम ५२ सांगतं. दुसऱ्याची प्रत इंटरनेटवरून उतरवून घेणं वेगळं, आणि त्याचं समर्थन मी करत नाही. अडचण ग्रंथालयांची आहे. २०१२ च्या दुरुस्तीने विनानफा सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी एखादी कृती इलेक्ट्रॉनिक रूपात साठवायची मुभा दिली, पण त्या कृतीची डिजिटल नसलेली प्रत ग्रंथालयाकडे आधीपासून असली पाहिजे ही अट घातली. पुस्तकासाठी ही अट समजते. जो प्रोग्रॅम जन्मापासूनच डिजिटल आहे त्याची डिजिटल नसलेली प्रत आणायची कुठून? अट लिहिताना अशा कृती डोळ्यांसमोर नव्हत्या, एवढाच त्याचा अर्थ. प्रोग्रॅम कायद्यात साहित्यकृती मानला जातो आणि संरक्षण लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतं. सॉलिटेअर लिहिणारा विद्यार्थी आज हयात आहे, तेव्हा हिशोब पुढच्या शतकाच्या आसपास जातो. तोवर फ्लॉपी आणि सीडी टिकणार नाहीत. १९५४ च्या कायद्याने प्रत्येक प्रकाशकाला पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला द्यावी लागते, पण सॉफ्टवेअरला तसं काहीच लागू नाही. अमेरिकेतही मार्ग सोपा नाही. संशोधकांना ग्रंथालयातले जुने खेळ दुरून वापरू द्यावेत ही मागणी तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने २०२४ मध्ये फेटाळली. आपल्याकडे मात्र एक अट काढली तरी मोठं काम होईल.

हे खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय, त्यांचं जतन कशाला, असं विचारणारे पुष्कळ भेटतात. कचेऱ्यांत सॉलिटेअरवर तास गेले यात शंका नाही. २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या महापौरांनी एका कर्मचाऱ्याच्या पडद्यावर हा खेळ दिसला म्हणून त्याला कामावरून काढलं होतं. पण ज्यात लोकांनी इतका वेळ घातला ते त्या काळाबद्दल काहीतरी सांगतं, म्हणून तर इतिहासकाराला ते हवं असतं. आणि त्या वेळातून केवळ वेळच गेला असंही नाही. बर्मिंगहॅम विद्यापीठाचे रिचर्ड के यांनी २००० मध्ये दाखवून दिलं की माइनस्वीपरच्या पटावर दिसणारे आकडे एकमेकांशी जुळतात का, हा प्रश्न गणितातल्या अत्यंत अवघड प्रश्नांच्या वर्गात मोडतो. ज्या वर्गाचं कोडं सोडवणाऱ्याला दहा लाख डॉलरचं बक्षीस जाहीर आहे, तो वर्ग कचेरीतल्या जेवणाच्या सुट्टीत माणसं हाताळत होती.

सर्वांत वजनदार आक्षेप अग्रक्रमाचा आहे. जिथे पोथ्यांना वाळवी लागते आहे, जुनी दप्तरं ओलीने कुजत आहेत, तिथे खेळांवर पैसा आणि मनुष्यबळ का घालायचं? हा आक्षेप मी मनापासून मानतो, आणि म्हणूनच त्याचं उत्तर पोथीच्याच बाजूने देतो. मध्य प्रदेशातल्या कचेऱ्यांत वर्षानुवर्षं हिंदी टंकन कृतिदेव फॉन्टमध्ये झालं. मराठीत श्रीलिपी, आकृती आणि अशाच इतर फॉन्टांत झालं. या फॉन्टांत अक्षराचा आकार असतो, पण अक्षराची ओळख कॉम्प्युटरला नसते. फॉन्ट नसेल तर ‘महाराष्ट्र’च्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांचा गुंता दिसतो. नव्वदच्या दशकातले आपले दिवाळी अंक बहुतांशी पेजमेकरमध्ये लावले गेले. पेजमेकर केव्हाच बंद झालं आणि त्याच्या फाइली अ‍ॅडोबीच्या इनडिझाइनची सीएस६ नंतरची आवृत्ती उघडत नाही. त्या फाइली जशा होत्या तशा पाहायच्या, तर जुनं विंडोज, जुनं पेजमेकर आणि तेच फॉन्ट, क्वचित फॉन्ट चालू करणारी छोटी चावी (डाँगल)सुद्धा, एकत्र उभी करावी लागते. नव्या यंत्रात जुनं यंत्र उभं करण्याची ही विद्या सॉलिटेअर चालवणाऱ्याने आधीच आत्मसात केलेली असते. खेळावर हात बसवणं सोपं, कारण तो चालतो आहे की नाही हे एका नजरेत कळतं. डाव लागतो किंवा लागत नाही, चेंडू आदळतो किंवा आरपार जातो. ज्या प्रयोगशाळेत विद्यार्थी खेळ चालवून दाखवतील, त्याच प्रयोगशाळेत उद्या न्यायालयाचे जुने आदेश आणि साहित्यसंस्थांचे जुने अंक उघडतील. खर्चाची बाजूही पाहा : सॉलिटेअरची फाइल अगदी लहान आहे, फोनवर काढलेला एक फोटो तिच्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. लागणार आहे ते मनुष्यबळ, आणि ते अशा कामातूनच तयार होतं.

जबलपुरात हे करण्याजोग्या संस्था आहेत. डुमन्याजवळची पंडित द्वारकाप्रसाद मिश्र यांच्या नावाची माहिती-तंत्रज्ञान संस्था २००५ पासून अभिकल्पन आणि निर्मिती शिकवते. १९४७ चं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. राणी दुर्गावती विद्यापीठ आहे. यांपैकी एकीने एक खोली, चार जुनी चालू यंत्रं, एक फ्लॉपी वाचक आणि एक नोंदवही एवढ्यावर सुरुवात करावी. कोणत्या यंत्रावर, विंडोजच्या कोणत्या आवृत्तीत, कोणत्या भाषेच्या मांडणीत कोणता खेळ आणि कोणता फॉन्ट चालला, हे त्या वहीत लिहिलं जावं. इटलीच्या आवृत्तीत माइनस्वीपरचे सुरुंग जाऊन फुलं आली होती, सुरुंगग्रस्तांच्या भावना लक्षात घेऊन. आपल्याकडे विकल्या गेलेल्या यंत्रांवर काय होतं याची अशी नोंद करायची तर आत्ताच करावी लागेल.

विंडोज १० चा आधार संपल्यामुळे पुष्कळ जुनी यंत्रं भंगारात जातील, कारण विंडोज ११ ला लागणारी सुरक्षाचिप त्यांच्यात नाही. जबलपूरच्या, नागपूरच्या, किंवा कुठल्याही गावच्या मराठी वाचकांना माझी विनंती आहे : माळ्यावरचा कॉम्प्युटर भंगारवाल्याला देण्याआधी त्याची हार्ड डिस्क काढून घ्या आणि जाणकाराकडून तिची जशीच्या तशी नक्कल करवून घ्या. विंडोजची मूळ सीडी, तिच्यावरचा स्टिकर, फॉन्टच्या फ्लॉपी, पेजमेकरचं खोकं एकत्र ठेवा. यंत्र कोणत्या साली, कशासाठी घेतलं आणि त्यावर कोण काम करत असे हे एका कागदावर लिहून त्यातच घाला, आणि तो गठ्ठा जवळच्या अभियांत्रिकी कॉलेजच्या किंवा सार्वजनिक ग्रंथालयाच्या ग्रंथपालांना पावती घेऊन द्या.